रीशला जाऊन त्याच दिवशी परत

१

त्या शुक्रवारचं आपल्याला नेमकं किती आठवतं, याची सी तिजानींना आजही खात्री नाही. सकाळी धुकं होतं की नव्हतं, दार त्यांनी दोनदा वाजवलं की तीनदा, बहिणीने आधी काय विचारलं आणि नंतर काय, यातलं काहीतरी दर वेळी सांगताना इकडचं तिकडे होतं. ते त्यांच्याच ध्यानात येतं. मग ते थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "असं नव्हे. थांबा." ऐकणारा थांबतो. पुढे काही येत नाही.

तीस वर्षं त्यांनी मोरोक्कोतल्या फास शहरात, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरसुद्धा एकदम विश्वास ठेवू नका, हे त्यांनी किती पोरांच्या डोक्यात भरवलं त्याला गणती नाही. निवृत्त झाल्यावर ते मिदेल्तला, आपल्या जन्मगावी येऊन राहिले. बायको गेली, मुलगी परदेशी. सत्तरी उलटलेला माणूस, दोन खोल्या, पुस्तकं आणि एक फोन.

त्या प्रवासासाठी त्यांनी जो कागद केला होता, तो मात्र अजून आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय: रीशला जाऊन त्याच दिवशी परत.

२

रीश मिदेल्तपासून लांब नाही. मधली खिंड ओलांडली की तास-दीड तासाचा रस्ता. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. लल्ला इत्तो. वय शहात्तर, आणि सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांपुढे अंधार झालेला. शेजारची फादमा दोन वेळचं रांधून द्यायची, झाडलोट करायची. सी तिजानी दोन-तीन महिन्यांतून एकदा जात, बहिणीसमोर बसत आणि परत येत. ते आले की लल्ला आधी त्यांचं तोंड चाचपायची. कपाळ, नाक, हनुवटी. मग म्हणायची, "वाळलास रे."

तो डिसेंबर होता. रमजान लागायला चार-पाच दिवस उरले होते. बुधवारी दुपारी त्यांनी फोन लावला.

"लल्ला, मी या शुक्रवारी येऊ म्हणतोय."

"येऊ म्हणतोय काय? दर शुक्रवारी येतोस तसा ये."

"दर शुक्रवारी कुठे? मी सप्टेंबरात आलो होतो."

लल्ला खुदकन हसली. "मास्तरकी सुटली तरी लोकांच्या चुका काढायची खोड नाही सुटली तुझी. गेल्या शुक्रवारी मग माझ्यासमोर कोण बसलं होतं? पोटभर जेवलास, आणि जाताना म्हणालास, पुढच्या शुक्रवारी बोचकं बांधून तयार राहा, यंदा रमजान माझ्याकडे. मी बांधलंयसुद्धा."

सी तिजानींनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"मी म्हणालो असं?"

"नाही, मशिदीतला मुअज्जिन म्हणाला! काय रे, नको असेन मी तर तसं सांग. बोचकं सोडायला मला अर्धी घटका लागत नाही."

"तसं नव्हे गं. फादमा आहे का तिथे? तिला दे."

फादमा फोनवर आली ती मोठ्याने बोलत. फोनवर लांबच्या माणसाला ओरडूनच ऐकू जातं, असा तिचा समज होता.

"सलाम उस्ताद! हो, येता की तुम्ही. दीड-दोन महिने झाले, शुक्रवार चुकला नाही. आधी यायचात त्यापेक्षा बरं. सगळी आळी म्हणते, भाऊ असावा तर असा."

"तू मला पाहिलंस, फादमा? समोरून?"

"आता समोरून... मी ताट ठेवून घरी पळते, माझ्या घरी आठ तोंडं. परतताना तुम्ही आळीच्या टोकाला पाठमोरे दिसता. तोच तपकिरी पायघोळ जेल्लाबा, त्याचीच टोपी पुढे ओढलेली. हाक मारली की हात वर करता. आणि ताट बघते ना मी! ताट खोटं बोलत नाही."

हे मात्र खरं होतं. शुक्रवारचा कुसकुस सगळे एकाच मोठ्या मातीच्या ताटातून खातात. रव्याच्या दाण्यांचा तो ढीग, वर भाज्या, मधोमध मांस. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घातला तर लहान पोरालाही चापट बसते. त्यामुळे जेवण झाल्यावर ढिगाच्या कडेला जितके खळगे, तितकी माणसं जेवली.

"दोन असतात," फादमा म्हणाली. "एक चिमणीने खाल्ल्यासारखा, तो लल्लाचा. समोरचा मात्र खोल. पार ताटाची माती दिसेपर्यंत. मी म्हटलंसुद्धा, उस्तादांची भूक वाढली या वयात. अल्लाह आणखी वाढवो."

सी तिजानींना गेल्या वर्षापासून दोन चमचे भाताच्या वर काही जात नव्हतं.

३

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले आणि शिकवताना मांडत तसा प्रश्न मांडला.

लल्ला चुकत असेल. पण मग फादमाचं काय? एका म्हातारीला भास होईल, मातीच्या ताटाला होणार नाही.

कोणी भामटा असेल. आंधळ्या बाईला फसवणं सोपं. पण दीड-दोन महिने झाले आणि घरातली काडी हलली नव्हती. उलट लल्ला म्हणाली होती की गेल्या खेपेला त्याने तिला साखरेची शंकूसारखी मोठी ढेप आणली. शिवाय आवाज. लल्लाचा कान असा होता की दारातून कोण आलं ते ती पावलावर सांगायची. ती सख्ख्या भावाच्या आवाजात फसेल?

तिसरी शक्यता त्यांनी बराच वेळ लिहिली नाही. मग लिहिली. मी जातो, आणि विसरतो.

मागच्या हिवाळ्यात चहाची किटली जळून तिचं बूड गेलं होतं. ज्याच्याबरोबर वीस वर्षं एका खोलीत बसले त्या सहकाऱ्याचं नाव एकदा तीन दिवस आठवलं नव्हतं. डॉक्टरकडे ते मुद्दाम गेले नव्हते. डॉक्टर एकदा नाव देतो आणि मग ते नाव घरात राहायला येतं.

ते उठले आणि दाराआडच्या खुंटीवरचा तपकिरी जेल्लाबा उतरवला. खालची किनार तळव्यावर घेऊन पाहिली. तिला तांबडी माती लागली होती. वाळलेली, चांगली बोटभर. मिदेल्तची माती राखाडी. तांबडी खिंडीपलीकडे लागते.

सप्टेंबरातली असेल, ते स्वतःशी म्हणाले. सप्टेंबरात मी गेलो होतो. पण सप्टेंबरात उकाडा असतो, आणि उकाड्यात लोकरी जेल्लाबा कोण घालतं?

त्यांना भीती वाटली आणि, खरं सांगायचं तर, थोडं हायसंही वाटलं. मीच असलो तर निदान मीच आहे. तरीही पुढचं पाऊल एकच निघत होतं. मी असेन तर मी लवकर पोहोचल्याने कोणाचं बिघडत नाही. मी नसेन, तर माझ्या बहिणीला कोणीतरी शुक्रवारी न्यायला येणार आहे आणि मला त्याच्या आधी तिथे असायला हवं.

त्यांनी नवा कागद घेतला. आठ वाजता टॅक्सीतळ. साडेआठला निघणं. दहाला रीश. साडेअकराच्या आत लल्लाचं बोचकं, औषधं, नमाजाची सतरंजी. बाराला परतीची गाडी. दीडला घरी. फादमा सांगत होती की तो जुम्माच्या नमाजानंतर, जेवायच्या वेळेला येतो. म्हणजे हाताशी दोन तास. वाटेत बर्फ लागला तर एक तास. तरी एक उरतो.

जाऊन त्याच दिवशी परत. सगळा हिशेब जमत होता. खाली त्यांनी रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं: हे मी बुधवारी, सोळा तारखेला, जागेपणी लिहिलं आहे.

४

शुक्रवारी आठला दहा मिनिटं असताना ते तळावर होते. रीशकडे जाणारी जुनी जर्मन गाडी उभी होती. या गाड्यांना वेळ नसते. सहा माणसं भरली की सुटते, मग आठ वाजोत की बारा. प्रवासी गोळा करणारा पुकाऱ्या हम्मू दोन्ही हात काखेत घालून ओरडत होता. त्यांना पाहिलं आणि तो ओरडायचा थांबला.

"अरेच्चा! उस्ताद? तुम्ही पहाटेच्या गाडीने गेलात ना?"

"कोण? मी?"

"मीच तर दार लावलं तुमचं. पुढे, खिडकीशी बसलात. सलाम केला तर हात वर केलात."

"तोंड पाहिलंस?"

"या थंडीत मी बायकोचं तोंड बघत नाही, उस्ताद, तुमचं कुठलं बघू?" गाडीला टेकलेली दोन माणसं हसली. हम्मू हसला नाही. तो त्यांच्या जेल्लाब्याकडे बघत होता. "टोपी होती म्हणा डोक्यावर. आणि हे असले जेल्लाबे अर्ध्या गावाकडे आहेत. दुसरं कोणी असेल."

"पहाटे किती वाजता?"

"सहा. सव्वासहा."

म्हणजे तो पोहोचला होता. आज तो जेवायच्या वेळेची वाट पाहणार नव्हता. सी तिजानींनी वाकून पाहिलं. गाडीत आत तीन जण होते.

"उरलेल्या तिन्ही जागा मी घेतो," ते म्हणाले. "निघा."

ड्रायव्हर मोहाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तीन जागा? एकटे? हाजी, नवी नवरी पळवून आणायला निघालात की काय?"

"बहिणीला आणायचंय."

"मग बरोबर. बहिणीला तीन जागा लागतातच. माझीला चार लागतात."

मागे बसलेली बाई ओढणीआड हसली. गाडी निघाली. पुढच्या सीटवर खिडकीशी ते बसले. मोहा आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाची जागा रिकामी राहिली. मोहा वळणावर गिअर टाकताना सवयीने कोपर आखडून घेत होता, जणू तिथे कोणी आहे.

५

खिंडीच्या अलीकडे लोखंडी आडकाठी खाली आली होती. पलीकडे बर्फ पडत होता. संथ, आवाज न करता. एक शिपाई कानटोपीत शेकोटीपाशी उभा होता.

"यंत्र येईल, रस्ता मोकळा होईल, मग जायचं," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"ते यंत्राला विचारा."

"सकाळी एक गाडी गेली का इथून? पहाटेची?"

"गेली. ती गेली आणि लगेच सुरू झालं हे. नशीबवान लोक."

सी तिजानी परत येऊन बसले. कागद काढून त्यांनी दहाच्या जागी अकरा केले. नंतर अकराच्या जागी बारा. मोहाने वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाकरी आणि ऑलिव्ह काढले आणि सगळ्यांपुढे फिरवले.

"खा, हाजी. उपाशी माणसाला रस्ता लांब वाटतो."

"नको."

"बहीण आजारी आहे का?"

"नाही."

"मग काय घोर लावून बसलात? बहीण कुठे पळते? तुम्ही पोहोचाल तेव्हा दारात बसलेली असेल आणि उशीर केला म्हणून शिव्या घालेल. माझी तर लवकर गेलो तरी घालते."

त्यांना हसावंसं वाटलं, इतका थकवा आला होता. त्यांनी डोळे मिटले. रात्रभर झोप नव्हती. किती वेळ मिटले ते त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या मते दहा मिनिटं. मोहा नंतर म्हणाला, तासभर तुम्ही गाडीबाहेर बर्फात उभे होता, मीच हाक मारून बोलावलं. त्यांचे जोडे ओले होते, हे खरं.

आडकाठी वर गेली तेव्हा एक वाजून गेला होता. रीश आलं तेव्हा अडीच.

६

जुम्माची नमाज झालेली, जेवणं झालेली. शुक्रवारी कुसकुस खाल्ल्यावर सबंध गाव आडवं होतं. दुकानांना फळ्या, आळीत मांजरसुद्धा नाही. ओल्या तांबड्या मातीत पावलांची एक रांग लल्लाच्या दाराशी गेली होती. ती परत आली होती का, ते त्यांनी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं त्यांना पुढे रोज वाटे.

लल्लाचं दार दिवसा कधी लावलेलं नसे. आज आतून कडी होती. त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तिजानी गं, लल्ला. दार उघड."

आत काही हललं नाही. मग कडी सरकली.

लल्ला दारात उभी होती. बाहेर जायची पांढरी चादर अंगाभोवती घेतलेली, पायात मोजे. भिंतीशी बोचकं होतं. त्यांनी सवयीने मान खाली केली, तिने तोंड चाचपावं म्हणून. तिने हात पुढे केला नाही. एरवी ती बोलताना मान किंचित तिरकी करून कान पुढे द्यायची. आज चेहरा सरळ त्यांच्याकडे होता. रागावली आहे, त्यांना वाटलं.

"या," ती म्हणाली. "बसा."

सत्तर वर्षांत तिने त्यांना अहो-जाहो केलं नव्हतं.

"लल्ला, हे काय बोलणं?"

"पाहुण्याशी असंच बोलायचं असतं. आमच्या आईची शिकवण."

खोलीत ताट तसंच पडलं होतं. ढिगाच्या अलीकडे चिमणीने खाल्ल्यासारखा खळगा. पलीकडे दुसरा, रुंद, पार तळापर्यंत गेलेला. तिथून अजून वाफ येत होती. समोरची उशी मध्ये दबलेली होती, आणि ते बघत असताना ती हळूहळू वर येत होती.

"कोण आलं होतं?"

"माझा भाऊ. गाडी आणायला गेलाय तळावर. येईल एवढ्यात." ती आपल्या जागी बसली. "तो म्हणाला होता तुम्ही याल."

"मी?"

"म्हणाला, लल्ला, आज एक जण येईल. माझ्यासारखाच बोलेल. दमलेला असेल, बिचारा वाटेल. त्याच्याबरोबर जाऊ नकोस."

सी तिजानी तिच्यासमोर बसायला गेले आणि त्या उशीवर बसवेना. ते उभेच राहिले.

"लल्ला, अगं मी तुझा तिजानी. मी बुधवारी फोन केला होता की नाही?"

"कोणीतरी केला होता."

"विचार मला काहीही. आईचं विचार, अब्बांचं विचार."

तिचा आवाज जरा मऊ झाला. "तू... तुम्ही पहिल्यांदा मक्नासच्या शाळेला निघालात, त्या दिवशी आईने तुमच्या खिशात काय घातलं?"

त्यांना तो दिवस दिसला. बस, धूळ, आईचा मेंदी लावलेला हात खिशात शिरला तो. हात दिसला. हातात काय ते दिसेना. अंडं होतं, त्यांना वाटलं, उकडलेलं, अजून गरम. पण ते अंडं दुसऱ्या कुठल्या दिवसाचंही असेल.

"अंडं," ते म्हणाले. "उकडलेलं."

लल्लाने मान हलवली. नाही म्हणून नव्हे, वाईट वाटल्यासारखी.

"अक्रोड," ती म्हणाली. "त्याने मी विचारायच्या आत सांगितलं. किती होते तेही सांगितलं."

"माझी आठवण आता... लल्ला, मी म्हातारा झालो गं. आठवण गेली म्हणून काय माणूस भाऊ राहत नाही?"

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. चेहरा तसाच सरळ. "तुम्हीच सांगा. तुम्ही मास्तर ना?"

त्यांनी तीस वर्षं वर्गात जे केलं तेच त्यांना या घटकेला सुचलं. साक्षीदार आणायचा. ज्याला डोळे आहेत असा.

"फादमाला आणतो," ते म्हणाले. "ती बघून सांगेल. तू इथून हलू नकोस. कोणी आलं तरी कडी काढू नकोस. पाच मिनिटं."

"बरं," लल्ला म्हणाली. ते उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा मागून तिचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "जोडे ओले आहेत तुमचे. बदला. सर्दी होईल."

७

फादमाचं घर चौथं. ती दार उघडायला वेळ लावून आली, झोपेतून उठलेली.

"आता काय राहिलं, उस्ताद? लल्लाच्या गोळ्या मघाशी दिल्या ना मी तुमच्या हातात?"

"मघाशी कधी?"

"आत्ता, ताट ठेवायला आले तेव्हा. दारातून हात पुढे केलात..." ती त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. "काय झालं? रंग का उडालाय?"

"माझ्याबरोबर चल. बघून फक्त सांगायचं, मी कोण ते. बाकी काही नको."

"वेड लागलं का तुम्हाला?" असं म्हणत तिने चपला घातल्या.

ते आळीत आले तेव्हा लल्लाचं दार सताड उघडं होतं. बोचकं नव्हतं. आळीच्या तोंडाशी एक गाडी निघत होती, धुराने आणि चिखलाने काच मळलेली. मागच्या काचेत लल्ला होती. ती मागे वळून बघत होती, आपल्या आळीकडे. तिच्याशेजारी तपकिरी टोपी दिसली. टोपीतला माणूस वळला नाही. त्याने हात वर केला, कोणी हाक मारल्यावर करतात तसा.

हाक कोणीही मारली नव्हती.

"लल्ला!" सी तिजानींनी हाक मारली ती नंतर. गाडी वळली.

त्यांनी धाप टाकत फादमाकडे पाहिलं. "पाहिलंस? सांग आता. पाहिलंस ना?"

फादमा गाडी गेली त्या बाजूला बघत होती. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिकडे. डोक्यावरच्या ओढणीचं टोक तिने तोंडावर ओढून घेतलं, आणि त्यांच्यापासून एक पाऊल मागे सरकली.

८

ठाण्यावर जे कागद झाले ते तीन ओळींचे होते. वृद्ध स्त्री शुक्रवारी दुपारी आपल्या भावाबरोबर घर सोडून गेली. शेजारणीने पाहिलं. स्त्रीला भाऊ एकच.

"मग कुठे ठेवलंय तिला, उस्ताद?" अंमलदाराने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांच्यासाठी चहा मागवला होता. "आठवून बघा. घाई नाही."

त्यांनी आठवून पाहिलं. मिदेल्तच्या दोन्ही खोल्या उघडून दाखवल्या, गच्ची, कोळशाची खोली. अंमलदाराची माणसं खिंडीपर्यंत जाऊन आली. तळावरच्या कुठल्याच ड्रायव्हरने असं भाडं नेल्याचं सांगितलं नाही. रमजान लागला, लोक थकले, ईद झाली. माणूस वयस्कर, शिकलेला, घराणं चांगलं. प्रकरणावर हळूहळू पांघरूण पडलं. लोक त्यांना सलाम करत राहिले, फक्त हात मिळवायचे थांबले.

त्यांनी अखेर तिसरी शक्यता धरून ठेवली. मीच नेलं तिला, आणि कुठे ते विसरलो. हे सगळ्यांत भयंकर होतं आणि सगळ्यांत सोसण्यासारखंही तेच होतं. कारण मग ती आपल्या भावाबरोबर गेली. तिला दिसत नव्हतं, तिला फसवणं सोपं होतं, पण तिला कोणी फसवलं नाही. कुठल्यातरी दिवशी सकाळी उठल्यावर जागा आठवेल, ते गाडीच्या सगळ्या जागा घेतील, आणि जाऊन त्याच दिवशी परत आणतील. या आशेवर माणूस बरीच वर्षं काढू शकतो. त्यांनी नऊ काढली.

९

नवव्या वर्षी फादमाचा निरोप आला. ती अंथरुणाला खिळली होती. सी तिजानी गेले. तिने लेकीसुनांना बाहेर पाठवलं.

"एक सांगायचं राहिलंय, उस्ताद. लल्लाने शपथ घातली होती. रमजानमध्ये ती स्वतः तुम्हाला सांगून चकित करणार होती."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"भीती वाटायची."

"कोणाची?"

ती भिंतीकडे बघत राहिली. "तुमचीच," म्हणाली. मग तिने सांगितलं.

त्यांनी तिच्या शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवलं. ताप होता तिला. दुसऱ्या दिवशी ते जिल्ह्याच्या गावी गेले आणि नेत्रशिबिरांच्या जुन्या वह्या पाहायला मागितल्या. तिथल्या बाईने कपाट उघडून दिलं, खुर्ची दिली. अर्ध्या तासात पान सापडलं. तारीख त्या शुक्रवारच्या दहा आठवडे आधीची होती. नाव, गाव, वय बरोबर. पुढे वेगळ्या शाईत, पट्टी काढल्यानंतरची नोंद होती. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. इत्तो, रीश. उजवा डोळा. शस्त्रक्रिया यशस्वी. समोरचा माणूस चेहऱ्यावरून ओळखते.